न खरचटलेले हात

चाकूरच्या उमादेवींना रहस्यकथांचं भारी वेड, पण रक्ताचं वर्णन आलं की त्या पान उलटून पुढं जायच्या. त्या दुपारी शेजारची अक्षरा कपाळाला रुमाल बांधून दारात आली; मागोमाग तिचा नवरा. “पायऱ्यांवरून तोंडावर पडली बघा, काकू. जरा हळद द्या,” तोच म्हणाला. रुमाल लाल झालेला दिसताच उमादेवींनी चटकन नजर खाली वळवली, ती अक्षराच्या हातांवर थांबली. तोंडावर पडणारा माणूस आधी हात टेकतो. हिच्या तळव्यांना मात्र साधं खरचटलंही नव्हतं, बांगड्याही शाबूत. उमादेवींच्या मनात पाल चुकचुकली. “हळद आत हाय. ये गं तू,” म्हणत त्यांनी तिला घरात ओढलं आणि नवरा शिरायच्या आधीच आतून कडी घातली. तो दार बडवू लागला. “काकू,” अक्षरा म्हणाली, “पोलिसांना फोन लावा. मी बोलते.”