नऊ नंबरची नक्कल

“नको वाटत असेल तर आत्ताच सांग,” प्रशिक्षक डुगन म्हणाले. “दुसऱ्या कुणाला उभं करतो.”

“मीच करणार,” लाइल ब्रँटली म्हणाला आणि त्याने नऊ नंबरची लाल जर्सी अंगात चढवली.

एकेचाळिसाव्या वर्षी लाइल अमेरिकन फुटबॉलच्या संघात राखीव क्वार्टरबॅक, चढाईत चेंडू फेकणारा गडी, होता. म्हणजे रविवारी बाकावर बसायचं आणि आठवडाभर सरावात समोरच्या संघाचा क्वार्टरबॅक व्हायचं. तो फेकतो तसा चेंडू फेकायचा, म्हणजे आपल्या बचावफळीला त्याची सवय होते. कौतुक कुणी करत नाही. पण सोमवारी एका राखीव खेळाडूला नारळ मिळणार होता आणि लाइलला अजून एक मोसम हवाच होता. फुटबॉलशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि ते कबूल करायची लाजही वाटत नव्हती.

या खेपेचा समोरचा क्वार्टरबॅक, नऊ नंबर, म्हणजे पहिल्याच मोसमात अख्ख्या ओहायोची झोप उडवणारा पोरगा. त्याची चाल, बोटांना थुंकी लावणं, ओरडायची लकब, लाइलने सगळं हुबेहूब उचललं.

“तुझ्या जागी मी असतो तर तापाचं सोंग घेतलं असतं,” बचावफळीतला टेरेल ओडम म्हणाला.

“म्हणूनच तू माझ्या जागी नाहीस. आता नीट बघ. डावीकडे फेकायचं असलं की त्याचा उजवा खांदा आधी झुकतो. झुकला की तुटून पडायचं.”

टेरेल त्याच्याकडे बघत राहिला. “सगळ्यांना सांगू? नक्की?”

“सांग.”

रविवारी सरोवरावरून बोचरा वारा सुटला होता. खांदा झुकला रे झुकला की टेरेल तिथे हजर. त्याने दोन चेंडू मधल्या मधे पळवले. तिसऱ्या वेळी तो असा आदळला की नऊ नंबरच्या खांद्याचं हाडच मोडलं. लाइल बाकावरून उठला. पोरगा स्वतःच्या पायांनी बाहेर गेला, तेव्हाच लाइल खाली बसला.

संघाने सामना खिशात घातला. डुगननी लाइलची पाठ थोपटली. “पुढचा मोसम पक्का, म्हाताऱ्या.”

रिवाजाप्रमाणे दोन्ही संघ हात मिळवायला मैदानाच्या मध्यावर जमले. नऊ नंबर उजवा हात झोळीत बांधून उभा होता. लाइलने डावा हात पुढे केला. पोराने तो धरला आणि सोडला नाही.

“बाबा,” तो म्हणाला, “खांदा झुकतो, हे मला घरीच सांगायचं होतं ना.”