मधुमेह लिहिला नाही

पुतण्याच्या पत्राला मी महिनाभर उत्तर दिलं नव्हतं. मकरंद विम्याचा एजंट. त्याने माझा आयुर्विम्याचा अर्ज परस्पर भरून माझ्याकडे पाठवला होता. "काका, या वयात मधुमेह लिहिला तर हप्ता फार वाढतो, म्हणून लिहिला नाही. फक्त सही करा." नाही म्हणायची मला भीड वाटत होती.

आज शेजारच्या सुलभावहिनी आल्या. त्यांच्या यजमानांचा दमाही त्यानेच लपवला होता. ते गेल्यावर कंपनीने दावा फेटाळला. "मकरंद म्हणतो, सही तर त्यांचीच होती," एवढंच त्या बोलल्या.

त्यांना पाणी देणाऱ्या माझ्या बायकोकडे मी पाहिलं आणि संतापाने उठलो. अर्ज फाडला. तुकडे पाकिटात भरले आणि सोबत लिहिलं, "मला मधुमेह आहे. तुझ्या काकूला माझ्यामागे जगायचंय. विमा मी दुसऱ्याकडून, खरं लिहून घेईन." चप्पल न घालताच जाऊन पाकीट पोस्टाच्या पेटीत टाकलं.