खरवडीचा मान

"अकुन्या झुनिनो, मायते."

ओफेलियाबाईंनी हजेरीतलं पहिलं नाव वाचलं आणि पेन टेकवून थांबल्या. उत्तर आलं नाही. नवीन कोण आलंय म्हणून पोरं दाराकडे बघू लागली. मायतेनेसुद्धा मान वळवून बघितलं.

मग सीरो व्हिएरा उठला, दारात गेला आणि स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडला, "अकुन्या! बाई बोलावतायत!"

त्याचं तसं काही चुकलं नव्हतं. शाळेत त्या आडनावाचं एकच माणूस होतं, पोरांना रांधून वाढणारं. ती हातातल्या डावासकट धावत आली.

"कोण पडलं?"

"कोणी नाही. हजेरी चाललीय," बाई म्हणाल्या.

"मग मला कशाला हाक?"

"तुम्हाला नाही, अकुन्या. हिला." बाईंनी मागच्या बाकाकडे पेन दाखवलं.

तिथे मायते बसली होती. सगळ्यांसारखाच पांढरा डगला, गळ्याशी निळी फीत. यादी आडनावांच्या ए ते झेड क्रमाने, म्हणून कालपर्यंत ती सगळ्यात शेवटी होती, मायते झुनिनो. मागच्या आठवड्यात कोर्टाचा कागद आला. मुलीच्या आया दोन: माबेल झुनिनो आणि रोसाउरा अकुन्या. गावाला हे नऊ वर्षं ठाऊक होतं. हजेरीपुस्तकाला आज कळत होतं. जुन्या पुस्तकात, अडीनडीला कोणाला कळवायचं त्या रकान्यात, बाईंनीच अकुन्यापुढे 'शेजारीण' असं लिहिलं होतं. दुसरं काही लिहायची सोय नव्हती.

"पण अकुन्याच आधी का?" पुढच्या बाकावरून कोणीतरी विचारलं.

"चिठ्ठी निघाली," मायते म्हणाली. "दोघी म्हणत होत्या, तुझं आधी लाव, तुझं आधी लाव. जजसाहेब कंटाळले."

वर्ग हसला. मायते हसली नाही. तिला आता वेगळीच शंका आली होती.

"बाई, मग खरवड कोणाची?"

गुरुवार होता, खिरीचा दिवस. पातेल्याची खरवड यादीतल्या शेवटच्याची, हा अकुन्याचाच नियम, आणि शाळेत तिच्याकडे घरचं-परकं चालत नसे.

सीरोने बोटं मोजली. "आता शेवटचा मी!"

"बस खाली, अधाशा," शेजारची पोरगी म्हणाली.

ओफेलियाबाईंनी घाई केली नाही. "मायते, नवीन नावाची सवय व्हायला वेळ लागतो. हवं तर आज जुन्याच जागी 'हजर' म्हण. सोमवारपासून बदलू."

मायतेने दाराकडे पाहिलं. अकुन्या डावाच्या टोकाकडे बघत होती. तिथून दूध ठिबकून फरशीवर छोटं थारोळं झालं होतं. पोरांनी एक थेंब सांडला तर फडकं आणायला लावणारी ती, पण आज तिचं लक्षच नव्हतं.

"माझ्याकडे काय बघतेस?" ती म्हणाली. "बाईंना सांग काय ते."

मायतेने स्वयंपाकघराकडे नाक वळवून एकदा वास घेतला. खरवड गोड होती, आणि तिची होती.

"पुन्हा वाचा, बाई."

"अकुन्या झुनिनो, मायते."

"हजर!"

बाईंनी खूण केली आणि पुढची नावं घेतली. अकुन्याने आता कामाला जायला हवं होतं. ती दारातच उभी राहिली, बाराच्या बारा नावं होईपर्यंत.

"व्हिएरा, सीरो."

"हजर. आणि बाई, काहीतरी करपतंय."

अकुन्या धावली.

त्या दुपारी खीर कमी आणि खरवडच जास्त निघाली. बाईंची धरून तेराही बशांना पुरेल इतकी. रांगेच्या टोकाला सीरो कुरकुरत होता, "सगळ्यांनाच मिळणार? मग शेवटचा होऊन माझा काय फायदा?"

अकुन्याने रोजच्यासारखी भिंतीवरची यादी बघितली, डाव भरला, आणि पहिली हाक स्वतःच्याच नावाने मारली.