घरचे फोनपण तूच घे

भाऊबीजेला हौसा ताट घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा सर्जेराव चिवडेवाला नुसता बघतच राहिला. मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून यानंच बहिणीला हाकललं होतं.

"फोनवर केवढा रडलास रे दादा! बस पाटावर."

तो बसला. दिवाळीच्या ऑर्डरी वाढल्या, तेव्हा त्यानं आपल्या आवाजात बोलणाऱ्या मशीनला सांगून टाकलं होतं, "गिऱ्हाइकांचे घेतोसच, आता घरचे फोनपण तूच घे. कुणाला नाराज करू नको."

हौसानं ओवाळलं. त्याच्या आत काहीच हललं नाही.

"फोनवर शेवटी जे म्हणालास, ते आता समोर म्हण की. तेवढ्यासाठीच आलेय. खोटं असलं तर परत येणार नाही."

सर्जेरावनं तोंड उघडलं. मशीन काय बोललं होतं, ते त्याला ठाऊकच नव्हतं.