धापा टाकणारा एसी

"गॅस तूच काढून घेतला असशील!" अंगणात उभ्या केलेल्या कॅरॅव्हॅनची खिडकी बोटभर उघडून बापूसाहेब ओरडले, आणि आतला उरलासुरला गारवा जाऊ नये म्हणून ती लगेच लावूनही घेतली.

एसी दुरुस्तीला आलेल्या अजिनाथच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या एसीपायी सोलापुरातून माढ्याला त्याची ही तिसरी खेप. फिल्टर धुतला, व्होल्टेज तपासलं, तासभर उन्हात वायरी चाचपल्या. पाणी विचारायचं राहिलं बाजूला, वर चोर ठरला! तणतणत तो शिडीनं टपावर चढला. पाहतो तर काय, एसीच्या मशीनवर जाडजूड घोंगडं पांघरलेलं!

"हे कुणाचं डोकं?" तो खेकसला.

खाली शेळ्यांना पाला टाकत होत्या बापूसाहेबांच्या आई, कस्तुराबाई. म्हणाल्या, "माजं! दिसभर उन्हात धापा टाकत हुतं बिचारं. मला न्हाय बघवलं. काठीनं ढकलून मीच पांघरलं."

"अवो आजी, त्याला वारं लागतं! सावली करायला गेला आन गुदमरवलं की त्याला. जाळीत सगळी लोकर बसलीय. काढायला अजून अर्धा तास मोडंल."

कस्तुराबाईंनी वर पाहिलं. तापल्या पत्र्यावर अजिनाथ एक पाय टेकवत होता, एक उचलत होता. त्यांनी हातातली काठी खाडकन खिडकीवर हाणली.

"बापू, भायेर ये! मशीनला सावली नगं म्हणं. वर चढ, आन त्ये घोंगडं ह्या लेकराच्या डोक्यावर धर."