एक सप्तक वर

आठही व्हायोलिनं एकदम सुरू झाली आणि रेकॉर्डिंग स्टुडिओत काचेअलीकडे बसलेला तो दचकला. सूर फार वर होते. घरी लिहिताना त्याच्या कानात होतं ते दाट, खालचं, पांघरुणासारखं ऊबदार. हे भलतंच काही होतं.

चूक त्याला लगेच उमगली. गिटारचे सूर कागदावर प्रत्यक्षापेक्षा एक सप्तक वर लिहायची रीत असते. व्हायोलिनचं तसं नसतं, लिहाल तेच वाजतं. अकरा वर्षं पॉप बँडमध्ये गिटार वाजवलेला त्याचा हात जुन्याच सवयीने लिहून मोकळा झाला होता.

बँड फुटल्यावर कसंबसं मिळालेलं हे पहिलं गाणं. चाल त्याची, वाद्यसंयोजनही त्याचंच. "जमलं तर पुढची सगळी तुझी," निर्माता म्हणाला होता. "नाहीतर तुझी गिटार आहेच."

थांबवायला त्याने हात उचलला. तो हात हवेतच राहिला. खोलीचं छत कुणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवावं, तसं काहीतरी होत होतं. पहाटे डोळे मिटलेले असतानाच खिडकीतला उजेड कळावा, तसे ते सूर येत होते. आपण कुठे बसलोय हेही क्षणभर त्याला आठवेना.

शेवटचा सूर विरला. शेजारी बसलेल्या निर्मात्याने चष्मा काढून पुसला.

"हे असंच होतं तुझ्या डोक्यात?"

हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. त्याने माईकचं बटण दाबलं. आत पहिल्या खुर्चीवर म्हातारे व्हायोलिनवादक होते. सगळे त्यांना काकाच म्हणत.

"काका, माझी चूक झाली. सगळं एक सप्तक वर लिहिलंय मी."

"माहीत आहे रे," काका म्हणाले. "गिटारवाल्यांचं हे नेहमीचंच. पान बघितलं की कळतं. दर वेळी आम्ही गुपचूप खाली उतरवून वाजवतो."

"मग आज का नाही उतरवलं?"

काकांनी मागे वळून बाकीच्या सात जणांकडे पाहिलं. कुणीतरी मान खाली घालून हसलं.

"एक ओळ लिहिली तशी वाजवायची, तुझी जरा फिरकी घ्यायची, मग उतरायचं, असं ठरलं होतं. पण त्या ओळीनंतर खाली यायला कुणाचं बोटच तयार होईना."