बिनबोल्टाचा झोका

बन्सीलाल शेठने पुढे केलेला बोल्ट सत्तार मिस्त्रींनी घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि दारातल्या शेळीपुढे टाकला. धुळ्यातली शेळी ती, सायकलचं सीटसुद्धा चघळून बघते. पण तिनेही तो हुंगून सोडून दिला.

"बघा शेठ," मिस्त्री म्हणाले, "हिलासुद्धा पटत नाही."

शेठ हसले नाहीत. जळगावात त्यांचं वाद्यांचं दुकान. एका शाळेसाठी वीस गिटारी हव्या होत्या आणि अट एकच होती: गिटारीची मान धडाला दोन बोल्टांनी आवळायची.

"मशीन चार मिनिटांत भोकं पाडतं, मिस्त्री. तुम्ही एका सांध्याला दोन दिवस घालवता, आणि वर गिऱ्हाईक मलाच विचारतं, हे नुसतं अडकवलेलं टिकेल का? जमत नसेल तर आजपासून आपला रामराम. हसीबला मी मशीनवर घेतो. त्याच्याशी बोलणं झालंय."

मिस्त्रींनी मुलाकडे पाहिलं. पंचविशीतला हसीब भुसा झाडत होता. जिथे भुसा नव्हता तिथलाही झाडत होता.

मिस्त्रींच्या मांडीवर गिटार होती, धरणगावच्या पाडलेल्या कापूस-जिनिंगमधल्या सागवानी तुळईची. अजून तारा नाहीत, लाकूड चिकटवायचा सरस नाही. मानेच्या टोकाला कबुतराच्या पसरलेल्या शेपटीसारखा आकार हाताने कापलेला, आणि धडात तश्शीच खाच. शेपटीला काजळ फासायचं, वरून खाचेत उतरवायची, पुन्हा बाहेर काढायची. खाचेत जिथे काळं लागलं तिथून पटाशीने कांद्याच्या पापुद्र्याएवढं तासायचं. मग पुन्हा काजळ. असं पन्नास वेळा. तेही भर उन्हाळ्यात, कारण धुळ्याच्या उन्हात वाळलेल्या लाकडाकडे पुढे आकसायला काही शिल्लकच राहत नाही. गल्लीत सांगतात की एकदा एका मुंगीने त्यांच्या अशा सांध्यात घरासाठी फट शोधली, मिळाली नाही, आणि दुसऱ्या दिवशी अंडी घेऊन पोस्टाच्या पेटीत राहायला गेली.

काजळ मात्र नूरबीचं. तीस वर्षं ती नवऱ्याच्या नावाने बोटं मोडत होती. आत्ताही ओट्यावर मेथी निवडता निवडता म्हणालीच, "माझ्या डोळ्याला कधी लागलं नाही. सगळं त्या लाकडी सवतीच्या मानेला!"

"सरसाच्या भरवशावर मी वीस पोरांच्या हातात गिटारी द्यायच्या?" शेठने विचारलं.

"सरसाचा भरवसा कोण धरतो? निकाह लाकडाचा लाकडाशी होतो, शेठ. सरस नुसता साक्षीदार."

एवढं बोलून मिस्त्री उठले. समोरच्या बेबाबाईने आखाजीच्या सणाला माहेरी येणाऱ्या लेकीसाठी कडुलिंबाला झोका बांधला होता. मिस्त्रींनी त्याचा एक दोर फांदीवरून सोडला.

"मना झोका शे तो, मिस्त्रीभाऊ!" बेबाबाई दारातून ओरडली.

"आखाजी उद्या शे, अक्का. आज माले दे."

सुटलेल्या दोराच्या जागी त्यांनी गिटार बांधली. गिटारीच्या डोक्याखाली फास घालून मान वर फांदीला. तिच्या धडाच्या खांद्यांवर गोणपाट टाकून, तिथून दोर खाली झोक्याच्या पाटाला. म्हणजे अर्धा झोका दोरावर आणि अर्धा त्या कोरड्या सांध्यावर.

"बसा शेठ."

शेठने फांदीकडे पाहिलं, गिटारीकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे. "मी कशाला? माल तुमचा, तुम्ही बसा."

"मी बसलो तर म्हणाल, म्हातारा वाळलेला होता. हसीब, तू बैस."

हसीब पुढे आला. सांध्याला बोट लावून थांबला. "अब्बा... आधी सरस तरी लावू."

मिस्त्रींनी कमरेची पटाशी काढून ओट्यावर ठेवली, आणि बसायला जागा शोधत असल्यासारखे इकडेतिकडे पाहू लागले.

नूरबी उठली. मेथी निवडायचं सूप घेऊन आली आणि सरळ झोक्यावर बसली.

आता नूरबी म्हणजे काही मेथीची काडी नव्हे. ती बसली की रिक्षावाला दुसरं सीट घेत नाही. फांदी करकरली, दोर करकरला, बन्सीलाल शेठचे दात करकरले. पिकली पानं सुपात पडली. शेळी उठून लांब जाऊन बसली. गिटार तेवढी गप्प होती.

नूरबीने दोन्ही पाय जमिनीवरून उचलले आणि सुपातली लिंबाची पानं वेचून टाकायला लागली.

"भाभी, पाहिलं मी. उतरा आता," शेठ म्हणाले.

"कुठे पाहिलं? तीस वर्षांचं काजळ आहे त्यात. नीट जवळ येऊन बघा."

शेठ जवळ आले नाहीत. "हट्टाने दुकान चालत नाही, भाभी. हसीब, तू काय ते ठरव. मी गाडीत आहे." असं म्हणून त्यांनी वाकून बोल्ट उचलला आणि ते कोपऱ्याकडे निघाले.

हसीब शेठ आणि अब्बांच्या मधे उभा होता. मान वर करून त्याने सांधा पाहिला. लाकूड कुठे संपतं आणि लाकूड कुठे सुरू होतं, ते त्यालाही सापडेना. कोपऱ्यावरून शेठच्या गाडीचा हॉर्न वाजला. एकदा. मग लांबलचक.

हसीब आईच्या मागे गेला. पाटाला दोन्ही हात लावून त्याने झोका दिला.

मेथी उधळली. नूरबी मागे वळूनही न बघता म्हणाली, "जेवला नाहीस का रे? अजून जोरात!"